पंपिंग किती आहे?

टीएमटीला, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासायच्या टेस्टला, येणारी माणसं एकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट हातात धरूनच येतात. मी नाव-वय विचारायच्या आत तो पुढे होतो आणि बोट एका ओळीवर टेकतं. "मॅडम, पंपिंग साठ टक्के आहे. मग आता हे पळायचं कायले?" बाहेर बाकड्यावरही तीच चर्चा रंगलेली असते. तुमचं किती? माझं पासष्ट. आमच्या साळ्याचं पंचावन्नच निघालं ना. हे ऐकून स्वतःचं पंचावन्न असलेला एखादा गृहस्थ रिपोर्ट गुपचूप पिशवीत सरकवतो.

मी नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. छातीवर इलेक्ट्रोड चिकटवायचे (पुरुषांच्या छातीवर आधी रेझर फिरवायचा, याला फार विरोध होतो), दंडाला बीपीचा पट्टा बांधायचा, ट्रेडमिल सुरू करायचं, आणि डॉक्टर स्क्रीन बघत असताना आपण माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं. घाम कधी फुटतो, बोलणं कधी तुटतं, हात दांडीवर कधी आवळला जातो. या खोलीत उभं राहून राहून माझं एक मत पक्कं झालंय. झोपलेल्या माणसाच्या हृदयाचा आकडा घेऊन चालणाऱ्या माणसाची कुवत ठरवता येत नाही.

ते साठ टक्के म्हणजे काय, तर हृदयाचा डावा कप्पा पूर्ण भरलेला असताना त्यात जेवढं रक्त असतं, त्यातलं किती एका ठोक्याला बाहेर पडतं. साधारण ५५ ते ७० च्या दरम्यान असलं की डॉक्टर पुढच्या ओळीकडे वळतात. लोक मात्र शंभरपैकी साठ असं वाचतात आणि उरलेले चाळीस कुठे गेले म्हणून काळजी करतात. कुणाचंच हृदय एका ठोक्यात संपूर्ण रिकामं होत नाही. आणि टक्केवारीतून कप्पा केवढा आहे हे कळतच नाही. शंभर मिलिलिटरचे साठ टक्के साठ होतात आणि एकशेसाठचे शहाण्णव. रिपोर्टवर मात्र दोघांचं 'पंपिंग' सारखंच. लांब पल्ल्याच्या सायकलपटूंत काहींचा हा आकडा विश्रांतीत पन्नाशीच्या आसपासही सापडतो, कारण त्यांचा कप्पाच एवढा मोठा असतो की शांत बसलेलं असताना तो जास्त पिळायची गरज पडत नाही. उलट, आकडा अगदी साठ-पासष्ट आहे आणि पहिल्या मजल्यावर जाईपर्यंत श्वास पुरत नाही, अशी माणसं मी दर आठवड्याला बघते. त्यांच्यातल्या काहींचं हृदय पिळलं जातं छान, पण कडक झाल्यामुळे सैल पडून नीट भरत नाही. झोपून काढलेल्या एकोतला तो एक आकडा त्याबद्दल काही बोलत नाही.

विश्रांतीत आपण सगळे जवळजवळ सारखेच असतो, ही मला या विषयातली सगळ्यात फसवी गोष्ट वाटते. मध्यम बांध्याच्या माणसाचं हृदय बसल्या जागी मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं. शर्यतीत पळणाऱ्याचंही तेवढंच. फरक एवढाच, की एकाचं ते ७० ठोक्यांत होतं आणि दुसऱ्याचं ४५ ठोक्यांत. पण दोघांना पूर्ण दम लागेपर्यंत पळवा. व्यायामाची सवय नसलेला तरुण २० लिटरच्या आसपास पोचतो. जगातले अव्वल दर्जाचे सायकलपटू, स्कीवर लांब अंतर कापणारे खेळाडू ३५ ते ४० लिटरपर्यंत जातात. शरीर माणसाचंच, आणि पंपाची कुवत जवळजवळ दुप्पट.

ही दुप्पट येते कुठून? कुणालाही विचारा, उत्तर येतं, त्यांचं हृदय जास्त जोरात धडधडत असेल. तसं नसतं. व्यायामशास्त्राच्या पुस्तकांत एक जुनी तुलना हमखास सापडते. तीन तरुण घ्या. एकाची हृदयातली मायट्रल झडप संधिवाताच्या तापामुळे अरुंद झालेली, दुसरा निरोगी पण बैठा, तिसरा सराईत धावपटू. तिघांनाही शेवटच्या टोकापर्यंत पळवलं तर तिघांचे ठोके मिनिटाला १९० ते २०० च्या घरात. पण एका ठोक्यामागे पहिल्याचं रक्त पडतं ५० मिलिलिटर, दुसऱ्याचं १००, तिसऱ्याचं १६०. गुणाकार केला की साडेनऊ, वीस आणि तीस लिटर होतात. सीताबर्डीवरून सुटणाऱ्या शहर बसचं उदाहरण मी पेशंटना देते. फेऱ्या तिघांच्याही तेवढ्याच, पण एकाची बस पंचवीस सीटची, एकाची पन्नासची. तिसऱ्याची बस मोठी तर आहेच, शिवाय थांब्यावर दार उघडलं की ती चटकन भरते.

हे भरणं फार महत्त्वाचं, आणि त्याची चर्चा मात्र कुणी करत नाही. लोकांच्या मनात हृदय म्हणजे एक बळकट मूठ. जितकी घट्ट आवळेल तितकं चांगलं. पण हृदय आपल्याकडे आलेल्यापेक्षा जास्त बाहेर टाकू शकत नाही. ठोके १८० झाले की एका ठोक्याच्या वाट्याला सेकंदाचा तिसरा भाग येतो. त्यातच आवळायचं, त्यातच सैल व्हायचं आणि त्यातच भरायचं. सराव झालेलं हृदय सैल पडायला पटाईत असतं. जर्मनीत ओटो फ्रँक आणि इंग्लंडमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवून दिलं, की स्नायू भरताना जितका ताणला जातो तितका पुढचा ठोका दमदार पडतो. म्हणजे जोरसुद्धा भरण्यातूनच येतो.

आता भरायला रक्त कुठून येणार? एक तर शरीरात मुळात ते पुरेसं हवं. नियमित पळणाऱ्यांत सर्वांत आधी जो बदल होतो, तो हाच. पहिल्या काही दिवसांतच रक्तातला पातळ भाग वाढतो. दुसरं म्हणजे ते पायांतून वर यायला हवं. पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलाला शिरा दाबून रक्त वर ढकलतात. टेस्ट संपली की मी पट्टा एकदम थांबवत नाही, हळू चालवत ठेवते, त्याचं कारण हेच. एकदम उभं केलं तर रक्त पायांत साचतं आणि माणूस डोळ्यांसमोर अंधारी आल्याचं सांगतो. तिसरी गोष्ट वाचली तेव्हा मला स्वतःलाच नवल वाटलं होतं. हृदयाभोवती एक चिवट पिशवी असते. कुत्र्यांवरच्या आणि डुकरांवरच्या प्रयोगांत ती पिशवी उघडली, तर त्याच हृदयाने व्यायामात जास्त रक्त फेकलं. म्हणजे पंप तयार होता, त्याला फुगायला जागा नव्हती. कुणाची पिशवी किती सैल, हे माझ्या खोलीत कसं कळणार?

ठोक्यांबद्दल मात्र एक तक्रार आहे, तीही आमच्याच मशीनबद्दल. वय टाकलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात जास्तीत जास्त ठोक्यांचा एक आकडा येतो. २२० वजा वय, आणि टेस्टमध्ये गाठायचे म्हणून त्याचे ८५ टक्के. साठीच्या माणसाला १६० आणि १३६. हे सूत्र अमेरिकेत १९७१ च्या सुमारास रूढ झालं. त्यामागे खास त्यासाठी केलेला अभ्यास नव्हता. हाताशी असलेल्या वेगवेगळ्या आकड्यांमधून डोळ्यांनी अंदाजे रेघ ओढली होती. २००१ मध्ये बऱ्याच अभ्यासांची बेरीज करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सुधारलेलं सूत्र आलं, आणि साठीच्या माणसाला ते १६६ देतं. पण खरी गंमत सूत्रात नाही, माणसांत आहे. एकाच वयाच्या लोकांत हा आकडा सरासरीपासून दहा-बारा ठोके इकडे-तिकडे सहज असतो आणि काहींच्या बाबतीत वीस. साठीचे एक काका १४२ ला पार थकतात, दुसरे १७८ ला गप्पा मारतात. दोघेही निरोगी. कमी ठोके म्हणजे कमकुवत हृदय नव्हे आणि जास्त ठोके ही काही कमाई नव्हे. सरावाने हा वरचा आकडा वाढतही नाही. वय मात्र तो दरवर्षी थोडा खाली ओढतं, मग तुम्ही अंबाझरीला रोज पळा की पळू नका.

मनगटावरची घड्याळं आल्यापासून या सूत्राने घराघरांत धुमाकूळ घातलाय. फुटाळ्यावर चालणाऱ्या बायका मध्येच थांबतात, कारण घड्याळ लाल झालं. बीपीची गोळी घेणारे एक गृहस्थ एकदा हताश होऊन म्हणाले, "मॅडम, माझी झोन-दोनच येत नाही ना." (झोन-दोन म्हणजे घड्याळाने ठरवलेला नाडीचा एक टप्पा.) बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके आवरणारी बीपीची गोळी, चालू असला की ठोके वर चढतच नाहीत. हृदय मग प्रत्येक ठोक्याला थोडं जास्त रक्त टाकून काही प्रमाणात भरपाई करतं. घड्याळाला ते दिसत नाही. म्हणून तर टेस्टच्या आधी कुठली गोळी थांबवायची, कुठली नाही, हे डॉक्टरांना विचारून या असं आम्ही फोनवर चार-चारदा सांगतो. (त्यावर हमखास उत्तर, "हो हो, आणि नाश्त्याला पोहे चालतील का?" हलकं खाऊन दोन-तीन तास आधी चालतील. तर्रीवाले नको.)

नागपूरचा उन्हाळा हा या विषयात वेगळाच परीक्षक आहे. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या पुढे गेला, की तोच रस्ता, तोच वेग, तेच पाय, आणि नाडी पंधरा-वीसने वर. शरीराला थंड करायला रक्त कातडीकडे वळवावं लागतं. फार तापलेल्या शरीरात कातडीतून मिनिटाला ६ ते ८ लिटर रक्त वाहू शकतं. ते काही जादा तयार होत नाही. स्नायूंच्या आणि हृदयाच्या भरण्याच्या वाट्यातूनच जातं. त्यात घामाने रक्तातलं पाणी कमी होतं. आपल्याकडची हवा कोरडी, घाम येतो तसा वाळतो, म्हणून पाणी किती गेलं ते कळत नाही. मुंबईची माणसं शर्ट चिंब झाला की सावध होतात. आपल्याला फक्त कपाळावर मीठ सापडतं. मग भरणं कमी, प्रत्येक ठोक्याचं रक्त कमी, म्हणून ठोके जास्त. सेमिनरी हिल्सच्या चढावर जानेवारीत सहज पळणारा मुलगा मे महिन्यात हापसतो आणि आपला स्टॅमिना गेला म्हणून जिम लावतो.

पण यातही माणसामाणसांत फरक. दहा ते चौदा दिवस उन्हात काम केलं की शरीर रक्तातला पातळ भाग वाढवतं, घाम लवकर आणि कमी खारट येतो, नाडी खाली येते. उन्हात रस्त्याचं काम करणारा मजूर हे सगळं कमावून असतो. एसी गाडीतून एसी ऑफिसात जाणाऱ्याकडे ते नसतं, मग त्याचं एकोतलं पंपिंग सत्तर का असेना. मजुराला मात्र त्यावर कुणी शाबासकी देत नाही, आणि ऊन त्यालाही सोडत नाही. ही कमाई एका मर्यादेपर्यंतच पुरते. विदर्भात दर उन्हाळ्यात उष्माघाताच्या बातम्या येतात, त्यात रस्त्यावर राबणारेच जास्त असतात.

बायकांची टेस्ट बहुतेक वेळा माझ्याकडेच येते. सांगूनही अर्ध्या जणी साडीत येतात, म्हणून मी कपाटात दोन सलवारी ठेवल्या आहेत. त्यांच्याबाबत मला एक गोष्ट फार खटकते. नवरा सहा मिनिटं चालला, बायको चार मिनिटांत थांबली, की बाहेर लगेच निकाल लागतो, "हिला सवयच नाही चालायची." दिवसभर उभी असते ती. बाईचं हृदय सरासरीने लहान असतं, एका ठोक्याचं रक्त कमी असतं, आणि त्या रक्तातलं हिमोग्लोबिनही कमी असतं. त्यात आपल्याकडे रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत तो सापडला. रक्त ऑक्सिजन कमी वाहतं, म्हणून हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त रक्त फिरवावं लागतं. म्हणजे ही बाई स्वयंपाकघरातून गच्चीवर कपडे घेऊन जाते तेव्हाच तिचा पंप तिच्या कमाल मर्यादेचा मोठा हिस्सा वापरून टाकतो. पुढे चढायला शिल्लक कमी. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, आणि त्या घरांमध्ये तर हृदयं वर्षानुवर्षं बसल्या जागीसुद्धा जास्तीचं काम करत असतात. भिवापूरकडून आलेल्या एका मावशींचे ठोके पहिल्याच स्टेजला, ताशी जेमतेम २.७ किलोमीटरच्या वेगाला, १५० वर गेले. डॉक्टरांनी टेस्ट थांबवली आणि हिमोग्लोबिन तपासायला पाठवलं. हृदय त्यांचं धडधाकट होतं. बिचारं प्रामाणिकपणे धावत होतं.

आमच्याकडे ट्रेडमिलचं वेळापत्रक अजून सिएटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांचंच चालतं, १९६३ चं. दर तीन मिनिटांनी पट्टा वेगवान आणि जास्त चढाचा होतो. तिसरी स्टेज संपवली म्हणजे साधारण दहा मेट्स, म्हणजे शांत बसलेलं असताना जेवढा ऑक्सिजन लागतो त्याच्या दहापट. रिपोर्टच्या तळाशी हा आकडा छापलेला असतो आणि तो कुणीच विचारत नाही. २००२ मध्ये सहा हजारांवर पुरुषांच्या टीएमटीचा पाठपुरावा करून छापलेल्या अमेरिकन अभ्यासात, बीपी, सिगारेट, मधुमेह या सगळ्यांपेक्षा हा मेट्सचा आकडाच पुढच्या आयुष्याबद्दल जास्त सांगून गेला. दर एका मेटमागे जगण्याची शक्यता १२ टक्क्यांनी चांगली. साळ्याच्या पंचावन्नची चर्चा होते, पण साळा किती मिनिटं चालला हे कुणाला माहीत नसतं.

आता माझ्या घरातली गोष्ट, कारण माझं कुतूहल खरं तर तिथूनच सुरू झालं. माझा मोठा भाऊ वीज कंपनीत लाइनमन होता. व्यायाम म्हणून त्याने कधी काही केलं नाही. सावजीचा रस्सा, तंबाखू (ही सुटली, देवाची कृपा), दुपारची झोप. आणि रामटेकच्या गडमंदिराच्या पायऱ्या आम्ही लहानपणापासून चढतोय, तर तो वर पोचून माकडांना चणे घालत असायचा तेव्हा मी अजून अर्ध्यात कठड्याला टेकलेली. नागपंचमीच्या सुमाराला तो मंडळासोबत पचमढीला नागद्वारच्या यात्रेला जातो. पावसात, चिखलात, डोंगरावर चढउतार, आणि परत आल्यावर बाकीचे दोन दिवस पडून असतात तेव्हा हा बाजारातून सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणून सांबारवडीची फर्माईश करतो. मी मात्र कित्येक वर्षं नेमाने महाराजबागेत चालते, मग पळायला लागले, प्रशिक्षकाकडून तक्ता करून घेतला. सुधारले, पण दादाला गाठण्याइतकी नाही. "तू एवढी पळून राहिली, अन् तरी दमून राहिली कायले?" हा दादाचा प्रश्न प्रामाणिक होता, त्यामुळे जास्तच लागायचा.

त्याचं उत्तर मला 'हेरिटेज' नावाच्या अभ्यासात मिळालं. अमेरिका आणि कॅनडातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात बैठी जीवनशैली असलेल्या कुटुंबांना, आई-वडील आणि मुलं असे, वीस आठवडे सायकलवर एकसारखा व्यायाम दिला. आठवड्यातून तीनदा, प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे मोजून. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सरासरीने मिनिटाला ४०० मिलिलिटरच्या आसपास वाढली. पण सरासरीच्या पोटात काय होतं? कुणाची जवळजवळ तसूभरही हलली नाही, कुणाची लिटरभराने वाढली. आणि ही वाढ घराघराने वाटलेली होती. एका घरातली माणसं एकमेकांसारखी, दुसऱ्या घरातली निराळी. वाढीतला जवळजवळ निम्मा फरक घराण्यातून येतो, असा त्यांचा हिशेब. म्हणजे किती मोठं हृदय घेऊन जन्मलात हे तर वाट्याला येतंच, ते व्यायामाला किती दाद देईल हेही बरंचसं वाट्यालाच येतं. दादा आणि मी एकाच घरातले, तरी वाटणी सारखी झाली नाही. वारसाहक्काचा दावा लावायची सोय यात नाही.

या निष्कर्षावर हात टेकणाऱ्यांना मात्र मी २०१७ चा एक छोटा अभ्यास ऐकवते. ७८ निरोगी माणसं, आठवड्याला एक तासापासून पाच तासांपर्यंत व्यायामाचे गट. एक तासवाल्यांत दोन-तृतीयांश लोकांना काहीच फायदा दिसला नाही. चार आणि पाच तासवाल्यांत फायदा न झालेला एकही नव्हता. मग ज्यांना फायदा झाला नव्हता त्यांना आठवड्याला दोन तास वाढवून दिले, तर त्यांचीही गाडी हलली. म्हणजे दाद न देणारी हृदयं फारशी नसतात, जास्त मागणारी असतात. माझं बहुधा त्यातलं. महागडं आहे, पण आपलंच.

आणि अमेरिकेतलं डॅलस. १९६६ मध्ये तिथे पाच तरुणांना, वय वीसच्या आसपास, तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. त्यातले दोन चांगले खेळाडू होते. उठल्यावर मोजलं तर कमाल क्षमता चौथा हिस्सा गेलेली. ठोके पूर्वीइतकेच होत होते, पण प्रत्येक ठोक्याचं रक्त आटलं होतं. मग त्यांना व्यायाम दिला, तेव्हा ते रक्त पुन्हा वाढलं. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाचांना पुन्हा बोलावलं. वजन सरासरी ७७ किलोवरून १०० वर. तरी तीस वर्षांच्या वयाने त्यांची क्षमता घटवली होती ती त्या तीन आठवड्यांच्या झोपेपेक्षा कमीच. त्याहून नवल म्हणजे, हृदयाची कमाल झेप, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त फिरवलेलं रक्त, जवळपास होती तेवढीच होती. ठोके वयाप्रमाणे उतरले होते, पण एका ठोक्याचं रक्त वाढून भरपाई झाली होती. मग सहा महिने चालणं, पळणं, सायकल, आणि पन्नाशीचे ते पाचही जण सरासरीने विशीतल्या, व्यायाम सुरू करण्याआधीच्या पातळीवर परत. पण यावेळी पंपाची झेप वाढली नव्हती. स्नायू आलेल्या रक्तातून जास्त ऑक्सिजन काढून घ्यायला शिकले होते. विशीत हृदयाने केलं होतं ते पन्नाशीत पायांनी केलं.

आमच्या टीएमटीला हा फरक ओळखता येत नाही. खरं मोजायचं तर तोंडाला मास्क लावून श्वास तपासावा लागतो, आणि रक्त किती फिरलं हे काढायचं तर आडॉल्फ फिक यांनी १८७० मध्ये एका टिपणात मांडलेलं गणित लागतं. वापरलेला ऑक्सिजन भागिले धमनीतल्या आणि हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातल्या ऑक्सिजनमधला फरक. दीडशे वर्षं झाली, अजून तेच प्रमाण मानतात. त्यासाठी हृदयाच्या उजव्या बाजूपर्यंत नळी घालावी लागते, म्हणून पोह्यांबद्दल विचारणाऱ्यांना मी ते सांगत नाही.

दादाचा पाय निवृत्तीनंतर मोडला. स्कूटरवरून घसरला. प्लास्टर, मग महिनाभराहून जास्त पलंग, मग वॉकर. एवढा धडधाकट माणूस, उठला तेव्हा मला डॅलस आठवलं, पण बोलले नाही. हाड जुळल्यावर ऑर्थोच्या डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर साहेब थेट सेमिनरी हिल्सच्या चढावर निघाले, मला घेऊन. अर्ध्यात जपानी गार्डनच्या अलीकडे थांबला. गुडघ्यांवर हात ठेवून वाकला, एवढा की मी नाडी बघायला हात पुढे केला. १४८. त्याला कधी या वेगाला शंभरावर गेलेलं मी पाहिलं नव्हतं. बराच वेळ बोलता येईना. मग मान वर करून म्हणाला, "तुले दरवेळी असंच होते का वं?"

"दरवेळी नाही," म्हटलं. "फक्त चढावर."

"अन् तरी येतच राहिली?"